नागपुरात घराच्या गच्चीवर सोलर: कोणतं काम स्वतः करायचं, कोणतं विक्रेत्यावर सोपवायचं

नागपूरचा मे महिना अनुभवलेल्या माणसाला साहजिकच वाटतं की इतकं ऊन आहे तर सोलरला इथे वर्षभर दिवाळी. पण पॅनलला हवा असतो उजेड. उष्णता त्याच्या मुळावर येते. पॅनलवर छापलेले वॅट सेलचं तापमान २५ अंश धरून मोजलेले असतात. मेच्या दुपारी काचेखालचा सेल ७० अंशांच्या आसपास जातो आणि दर अंशामागे साधारण ०.३५ टक्के उत्पादन घटतं, म्हणजे १५-१६ टक्के वीज नुसत्या तापण्यात जाते. हीच उष्णता इन्व्हर्टरला (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राला) दमवते, एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पाडते, पाइप आणि केबल टाय कुजवते. वर एप्रिल-मेमधलं वादळ आहेच. त्यामुळे पुण्या-नाशिकचा आराखडा इथे जसाच्या तसा उतरवला तर दोन उन्हाळ्यांत उणिवा उघड्या पडतात.

हा लेख ३ किलोवॅटच्या, बॅटरी नसलेल्या, महावितरणच्या ग्रिडला जोडलेल्या घरगुती सिस्टीमबद्दल आहे. स्वतःचं घर आणि स्लॅबची गच्ची असलेल्या बहुतेक कुटुंबांना हाच आकार पुरतो.

१. आधी कामाची वाटणी लिहून काढा

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान मिळतं. ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सिस्टीमला एकूण ७८,००० रुपये, त्याच्या वर काही नाही. हे अनुदान हवं असेल तर दोन अटी टळत नाहीत: उभारणी योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या विक्रेत्यानेच करायची आणि पॅनल डीसीआर, म्हणजे भारतातच बनलेल्या सेलचे, असले पाहिजेत. बाजारातून स्वस्त पॅनल आणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून बसवले तर ७८,००० रुपयांवर पाणी सोडावं लागतं.

मग स्वतः काय करायचं? बरंच काही. वापराचा हिशोब, सावलीची मोजणी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पायाचे ब्लॉक, अर्थिंगचे खड्डे, पाइप टाकणं, धुण्यासाठी नळाची सोय, सगळे कागद आणि शेवटची तपासणी. ही कामं विक्रेते बहुधा ठेक्यावरच्या मजुरांकडून घाईत उरकतात आणि पुढची दुखणी नेमकी इथूनच निघतात.

काय करायचं नाही, तेही स्पष्ट ठेवा. डीसी केबलची (पॅनलमधून निघणारी, एकाच दिशेने वाहणारी वीज नेणाऱ्या) जोडणी, इन्व्हर्टर आणि मीटरकडची जोडणी परवानाधारक माणसाकडेच. ३ किलोवॅटचे सहा पॅनल तारेने एकामागे एक जोडले की टोकांना ३०० व्होल्टच्या आसपास डीसी उभी राहते आणि उजेड आहे तोवर ती बंद करायला पॅनलला बटण नसतं. घरातली एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझते. डीसी ठिणगी तशीच पेटत राहते.

कोटेशन मागतानाच सांगा की ब्लॉक, खड्डे आणि पाइप तुमच्याकडे राहतील, आणि करारात तशी ओळ घाला. तोंडी ठरलं की ब्लॉक हलला तर विक्रेता तुमच्याकडे बोट दाखवतो आणि तुम्ही त्याच्याकडे. ब्लॉकचा आकार, जागा आणि बोल्टचा नकाशा त्याच्याकडून कागदावर घ्या. योजनेत विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी आहे. तुम्ही केलेल्या कामामुळे ती रद्द होणार नाही, हेही त्याच करारात यायला हवं.

२. किती किलोवॅट? मेचं बिल समोर धरू नका

मागच्या १२ महिन्यांच्या बिलांतली युनिटं जोडा. बेरजेला ३६५ ने भागा, मग ४ ने भागा. नागपुरात १ किलोवॅट पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे ४ युनिट देतो. वर्षाला ३,६०० युनिट वापरणाऱ्या घराला या हिशोबाने अडीच किलोवॅट लागतो, म्हणजे ३ पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावरही येतं, मार्च-एप्रिलमध्ये सरासरीच्या बरंच वर जातं.

आता नागपूरकरांनी नीट समजून घ्यावी अशी गोष्ट. नेट मीटरिंगमध्ये (मीटर घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजतं) जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात वापरता येतात, पण हे खातं ३१ मार्चला बंद होतं. त्या दिवशी उरलेल्या युनिटांचा मोबदला तुम्ही वीज घेता त्या दरापेक्षा खूपच कमी मिळतो. आणि आपल्याकडे कूलर, एसीचा खरा वापर सुरू होतो एप्रिलमध्ये! नोव्हेंबर ते मार्च साठवलेली युनिटं गरज लागायच्या तोंडावरच हातातून जातात. म्हणून ‘उन्हाळ्याचं बिलही शून्य व्हायला पाहिजे’ असा हट्ट धरून ३ च्या जागी ५ किलोवॅट बसवू नका. वरच्या २ किलोवॅटला अनुदान नाही आणि त्यांची हिवाळ्यातली वीज कवडीमोलाने जाते. एप्रिल ते जूनमध्ये थोडं बिल येऊ द्या. सौरऊर्जा कितीही बनली तरी स्थिर आकार बिलात राहतोच, हेही धरून चाला.

येत्या वर्षभरात दुसरा एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर नक्की येणार असेल तर तेवढी वाढ धरा. ‘कधीतरी येईल’ यावर पैसे अडकवू नका.

३. कागदपत्रं

– चालू लाइट बिल, त्यावरचा १२ अंकी ग्राहक क्रमांक
– आधार आणि पॅन
– बँक पासबुक किंवा रद्द केलेला चेक
– महापालिकेची मालमत्ता कराची पावती
– गच्ची सामायिक असेल तर भावंडांचं किंवा सोसायटीचं ना-हरकत पत्र
– गच्चीचे फोटो

कागदांत सर्वांत जास्त वेळ जातो तो नावाच्या गोंधळात. महाल, इतवारी, सक्करदऱ्याकडच्या जुन्या घरांत बिल अजून आजोबांच्या नावावर असतं, नव्या लेआउटमध्ये कधी बिल्डरच्या. बिल, आधार आणि बँक खातं तिन्हींवर एकच नाव आणि एकच स्पेलिंग हवं. नाव बदलायचं असेल तर ते आधी महावितरणकडे उरका, नवं नाव छापलेलं बिल हातात येऊ द्या, मगच पोर्टलवर अर्ज करा. अर्ज झाल्यावर नाव बदललं तर अनुदान अडकतं.

पोर्टलवरचा क्रम असा: मोबाइल आणि ग्राहक क्रमांकाने नोंदणी, अर्ज, तांत्रिक मंजुरी, विक्रेत्याची निवड, उभारणी, नेट मीटरचा अर्ज, महावितरणची तपासणी, मीटर बसणं, सिस्टीम सुरू झाल्याचा दाखला, शेवटी बँक तपशील. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरूनच करा. विक्रेत्याने त्याचा नंबर टाकला तर प्रत्येक ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावं लागेल.

कोटेशन वाचताना करही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहित्य आणि बसवणं एकत्र दिलेल्या ठेक्यात ७० टक्के रक्कम वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची धरतात, म्हणून एकूण दर ८.९ टक्के पडतो. कोणी अजून १३.८ टक्के लावत असेल तर ते जुनं कोटेशन आहे.

४. सावली: दोनच आकडे लक्षात ठेवा

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेकडे असताना, भर दुपारी तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवर येतो; तेव्हा वस्तूची सावली तिच्या उंचीएवढीच पडते. त्याच दिवशी सकाळी नवाच्या सुमारास ती जवळजवळ दुप्पट लांब असते. म्हणून दक्षिण, पूर्व आणि पश्चिमेकडच्या प्रत्येक अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. उंची मोजायची ती पॅनलच्या खालच्या कडेपासून. तीन फुटी कठड्यापासून सहा फूट, पाच फुटी टाकीपासून दहा फूट. एवढं अंतर मिळत नसेल तर स्ट्रक्चर उचला किंवा टाकी हलवा. टाकी हलवणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं.

उत्तरेकडचा अडथळा सहसा त्रास देत नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्र दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो आणि सकाळ-संध्याकाळ उत्तरेकडून तिरपा येतो, म्हणून उत्तरेला पॅनलला चिकटून उंच भिंत असू नये.

दक्षिण दिशा मोबाइलच्या होकायंत्राने ठरवू नका. स्लॅबमधल्या सळ्या त्याला चुकवतात. नागपुरात सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात साधारण सव्वाबाराला. त्या वेळी ओळंब्याच्या दोरीची सावली जमिनीवर खडूने आखा. हिवाळ्यात तीच तुमची उत्तर-दक्षिण रेषा.

पॅनलच्या कोपऱ्यावर पडलेली छोटी सावलीही महाग पडते. एकेका पॅनलमध्ये सेलचे तीन गट असतात. एका गटातला एक सेल झाकला गेला की तो सबंध गट बाजूला पडतो, म्हणजे पॅनलचा तिसरा हिस्सा गेला. डिश अँटेना, केबलचा खांब, नारळाची झावळी, शेजाऱ्याचा होऊ घातलेला मजला, सगळं बघा. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर बांधकाम होणार असेल तर पॅनल त्या बाजूपासून आत्ताच दूर घ्या.

५. पायाचे ब्लॉक

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाने दर चौरस मीटरवर साधारण १२० किलोंचा दाब येतो. ५४०-५५० वॅटच्या एका पॅनलचं क्षेत्रफळ सुमारे २.६ चौरस मीटर असतं, म्हणजे वादळात एका पॅनलवर ३०० किलोंच्या आसपास, सहांवर सुमारे १,८०० किलोंची उचल येऊ शकते. पॅनलचं स्वतःचं वजन? प्रत्येकी २८ ते ३२ किलो.

आता नेहमीचा ब्लॉक घ्या: दीड फूट बाय दीड फूट, उंची एक फूट. तो भरतो साधारण १५० किलो. असे सहा म्हणजे ९०० किलो. नुसत्या वजनावर भरवसा ठेवला तर हिशोब निम्म्यावरच अडतो. उरलेली पकड स्लॅबखालच्या बीममधून किंवा कॉलममधून घ्यायला हवी.

नागपुरात कित्येक घरांवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या वर सोडलेल्या असतात. त्या गंजून कुजल्या नसतील तर ब्लॉक तिथेच घ्या, यापेक्षा चांगली पकड मिळणार नाही. सळ्या नसतील तर खालच्या मजल्यावरून मोजून बीम कुठे आहेत ते गच्चीवर आखा आणि पाय बीमवरच येतील असं बघा. बीममध्ये सुमारे ५ इंच खोल भोकं पाडून, ती ब्लोअरने धूळमुक्त करून, केमिकल अँकरने (भोकात भरून सळी घट्ट चिकटवणाऱ्या रसायनाने) १० मिलीमीटरच्या चार सळ्या प्रत्येक ब्लॉकखाली रोवा. धूळ भोकात राहिली तर केमिकल धुळीला चिकटतं, काँक्रीटला नाही, आणि सळी हाताने निघते. बीम नसलेल्या जागी पातळ स्लॅबला भोक पाडू नका, गळती ठरलेली. स्लॅब जुना असेल किंवा स्ट्रक्चर सात-आठ फूट उंच न्यायचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून आराखडा तपासून घ्या. त्याची फी या सगळ्या खर्चात किरकोळ आहे.

सहा ब्लॉकना लागणारं साहित्य, १:१.५:३ प्रमाणाने: सिमेंट ३ गोण्या, रेती ६ घनफूट, २० मिलीमीटरची गिट्टी १२ घनफूट. रेती धुतलेली घ्या, मातकट नको. बेस प्लेटचे बोल्ट काँक्रीट ओलं असतानाच रोवायचे आणि जागेवर धरायला लाकडी फळीला नकाशाप्रमाणे भोकं पाडून साचा करायचा. साच्याशिवाय नजरेने रोवलेले बोल्ट अर्धा इंच सरकतात, मग फिटर प्लेटची भोकं गॅसने मोठी करतो आणि तिथलं गॅल्व्हनायझिंग जळून जातं.

ब्लॉकला किमान सात दिवस पाणी. एप्रिल-मेमध्ये ओतत असाल तर गोणपाट गुंडाळून दिवसातून तीन-चार वेळा भिजवा आणि काँक्रीट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओता. दुपारच्या उन्हात ओतलेला ब्लॉक वरून वाळतो, आतून कच्चा राहतो. वॉटरप्रूफिंग ब्लॉकच्या आधी गच्चीभर आणि नंतर ब्लॉकच्या कडेने पुन्हा एकदा. ब्लॉक आणि गच्चीच्या सांध्यावर सिमेंटचा गोलाकार वाटा काढला की पाणी साचत नाही.

६. स्ट्रक्चर आणि पॅनल

लोखंड हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेलं), किमान ८० मायक्रॉन थराचं मागा. इतवारीच्या लोहा ओळीतून साधा पाइप आणून चंदेरी रंग मारलेलं स्ट्रक्चर पहिल्या दिवशी तसंच दिसतं, फरक दोन पावसाळ्यांनी कळतो. मायक्रॉन मोजायचं छोटं यंत्र विक्रेत्याकडे असतं. मोजून दाखवायला सांगा. जागेवर वेल्डिंग कमीत कमी हवं, आणि केलं तर त्यावर जस्तयुक्त रंग.

कोन १५ अंश ठेवा. अक्षांशाप्रमाणे २१ अंश पुस्तकात बरोबर, पण १५ वर वर्षाचं उत्पादन जेमतेम एखाद्या टक्क्याने घटतं आणि वारा कमी पकडला जातो. सपाट मात्र ठेवू नका. खालच्या कडेला चिखलाची पट्टी साचते. पॅनलची लांबी सुमारे २.२८ मीटर, म्हणजे १५ अंशांसाठी वरची कड खालच्या कडेपेक्षा ५९ सेंटीमीटर उंच. पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी उत्तम.

गच्चीवर पापड-कुरडया वाळवायच्या, उन्हाळ्यात झोपायचं, म्हणून सात-आठ फूट उंच स्ट्रक्चर नागपुरात सगळ्यांना हवं असतं. मागणी रास्त आहे. पण पाय उंच झाले की तिरपे आधार चारही बाजूंनी लागतात, दोन बाजूंचे आधार चालत नाहीत. खाली ठेवायचं असेल तर पॅनल आणि स्लॅबमध्ये किमान एक फूट जागा सोडा, वारा खेळला तरच पॅनल थंड राहतो.

सहा पॅनल दोन ओळींत तीन-तीन लावले तर ८ एंड क्लॅम्प (ओळीच्या टोकांचे) आणि ८ मिड क्लॅम्प (दोन पॅनलमधले) लागतात. क्लॅम्प फ्रेमवर कुठे बसवायचा ते पॅनलच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. सहसा लांबीच्या टोकांपासून पाव-पंचमांश अंतरावर. बोल्ट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा. इम्पॅक्ट मशीनने कचकचून आवळलेला क्लॅम्प काचेवर ताण आणतो, आणि ती काच महिन्यांनी, एखाद्या थंड पहाटे, कोणी हात न लावता तडकते.

पॅनल गच्चीवर चढवण्यापूर्वी प्रत्येकाचा सीरियल क्रमांक फोटोसह नोंदवा आणि तो डीसीआर प्रमाणपत्रातल्या यादीशी ताडून बघा. बसवल्यावर मागची पट्टी दिसत नाही.

७. अर्थिंग

तीन वेगवेगळे खड्डे: एक स्ट्रक्चर आणि डीसीसाठी, एक एसीसाठी, एक वीजरोधकासाठी (आकाशातून पडणारी वीज जमिनीत सोडणाऱ्या). एकमेकांपासून किमान तीन मीटर. तिन्ही तारा एकाच खड्ड्यात आणून सोडणं हा सर्रास होणारा प्रकार आहे, आणि मग पहिल्याच जवळच्या विजेत इन्व्हर्टर जातो. दाट वस्तीत जागा नसेल तर मागची गल्ली, पार्किंगची कड, अंगणातली फरशी उचलून, पण जागा काढा.

खड्डे तुम्ही खणून ठेवू शकता. तांब्याचा थर असलेला रॉड आणि ओल धरणारी बेंटोनाइट भुकटी विक्रेत्याची. काळी माती पावसाळ्यात वीज छान वाहून नेते, पण मेमध्ये ती हात जाईल एवढ्या भेगा देते आणि रॉडपासून सुटते. पश्चिम नागपुरात काही फुटांवर मुरूम आणि काळा दगड लागतो, तिथे रॉड ठोकून जात नाही. बोअर करावा लागतो. रॉड कापून अर्धाच पुरला तर ते दिसत नाही, म्हणून रॉड आत जाताना समोर उभे राहा. रीडिंग ५ ओहमच्या आत हवं आणि ते उन्हाळ्यात पुन्हा घ्या. मार्च ते जून आठवड्याला बादलीभर पाणी प्रत्येक खड्ड्यात.

८. वायरिंग: जोडायची त्यांनी, तपासायची तुम्ही

पाइप तुम्ही टाकून ठेवा. पांढरा साधा पीव्हीसी उन्हात ठिसूळ होतो. गच्चीवर एचडीपीई किंवा जीआय पाइप वापरा. पांढऱ्या नायलॉनच्या केबल टायचंही तेच, काळे यूव्हीवाले किंवा स्टीलचे घ्या. पाइपची तोंडं जाळीने बंद करा, नाहीतर खारी आणि उंदीर आत शिरतात.

डीसी केबल ४ चौरस मिलीमीटर, कल्हई केलेल्या तांब्याची, सोलरसाठीच बनलेली. कनेक्टर जोडीतले दोन्ही एकाच कंपनीचे हवेत. दिसायला सारखे असले तरी वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर आत सैल बसतात, तापतात, वितळतात. क्रिंपिंग, म्हणजे कनेक्टरची पिन केबलवर दाबून बसवणं, त्याच्याच टूलने, पक्कडीने दाबलेलं चालू देऊ नका.

डीसी बॉक्समध्ये डीसीचीच उपकरणं हवीत. एसीची एमसीबी डीसीवर ठिणगी विझवू शकत नाही. काही डीसी एमसीबींना धन-ऋण बाजू ठरलेली असते आणि उलटी जोडली तर बंद करतानाच ती पेटते. तिच्यावरच्या खुणा जोडणीशी ताडा.

इन्व्हर्टरचं डेटाशीट घेऊन हे बघा: सध्याच्या मोठ्या पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट १३.९ अँपियरच्या आसपास असतो. जुन्या डिझाइनच्या काही इन्व्हर्टरची इनपुट मर्यादा १२.५ अँपियर असते. असा इन्व्हर्टर दुपारच्या भर उन्हात वीज कापतो आणि कारण कोणाला सापडत नाही.

एसी बाजूला ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपियर. १६ अँपियरची एमसीबी कागदावर पुरते, पण मेमध्ये लोखंडी डबीत तापून ती ऐन बारा वाजता पडते. २० ची घ्या. केबल मीटरपर्यंत २० मीटर असेल तर ४ चौरस मिलीमीटर, ३० मीटर किंवा जास्त असेल तर ६. बारीक केबलमध्ये व्होल्टेज चढतं, आणि ट्रान्सफॉर्मर जवळ असलेल्या घरांत दुपारी ग्रिडचं व्होल्टेज आधीच जास्त असतं. मग इन्व्हर्टर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, पाच मिनिटांनी सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. घरात जुना बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर सोलरची लाइन त्याच्या आधी, मुख्य बोर्डाकडे जोडायची. त्याच्या आउटपुटला जोडली तर तो जळतो.

लाइट गेली की ही सिस्टीमही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तशी रचना केलेली असते. लाइट नसताना पंखे चालायलाच हवे असतील तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, तो खर्च वेगळा.

९. इन्व्हर्टरची जागा

पश्चिमेची भिंत नको, पत्र्याखालची जागा नको. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशांच्या वर स्वतःहून उत्पादन कमी करतात, आणि पत्र्याच्या जिन्याच्या खोलीत मेमध्ये त्याहून जास्त असतं. खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची, सावलीतली, वारा लागणारी भिंत सगळ्यात चांगली. बाजूंनी ३० आणि वर ५० सेंटीमीटर मोकळं ठेवा.

१०. सुरू करण्याआधी

तुमच्याकडे हवं: डीसी व्होल्टेज मोजणारा चांगला मल्टिमीटर, मोजपट्टी, ओळंबा, रबरी हातमोजे. विक्रेत्याकडून समोर उभं राहून घ्यायची रीडिंग:

– एकामागे एक जोडलेल्या सहा पॅनलचं खुलं (इन्व्हर्टरला न जोडता मोजलेलं) व्होल्टेज: एका पॅनलच्या ४९-५० व्होल्टच्या हिशोबाने ३०० च्या जवळ. उन्हात थोडं कमी येणं ठीक. २५० आलं तर एक पॅनल जोडलेला नाही.
– इन्सुलेशन रेझिस्टन्स १ मेगाओहमच्या वर
– तिन्ही अर्थिंगचे ओहम
– इन्व्हर्टरमध्ये ग्रिडचं सेटिंग भारताचं

नेट मीटर लागेपर्यंत सिस्टीम चालू करू देऊ नका, ‘नुसतं टेस्ट करून बघू’ म्हणूनही दिवसभर नाही. साधं मीटर बाहेर गेलेली युनिटंही वापरलेली म्हणून मोजतं आणि तुम्ही बनवलेल्या विजेचं बिल तुम्हालाच येतं. शेवटचा हप्ता, निदान दहा टक्के, नेट मीटर बसून आयात-निर्यात दोन्ही आकडे सरकेपर्यंत राखून ठेवा. करारात हे सुरुवातीलाच लिहिलेलं असलं की वाद होत नाही.

५४० वॅटच्या सहा, म्हणजे ३.२४ किलोवॅटच्या पॅनलवर मोबाइल अॅपमध्ये भर दुपारी अडीच ते पावणेतीन किलोवॅट दिसले तर सिस्टीम निरोगी आहे.

११. धुणं आणि राखणं

उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राखेमुळे थोडं लवकर. पहाटे, काच थंड असताना. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी क्षारांचे डाग सोडतं आणि ते नंतर निघत नाहीत. नळाचं पाणी वापरा. मऊ मॉप पुरे, धुण्याची पावडर नको, पॅनलवर पाय तर मुळीच नको.

संक्रांतीनंतर क्लॅम्पमध्ये आणि केबलमध्ये अडकलेला मांजा काढा, तोही संध्याकाळी, सिस्टीम बंद करून. पॅनलखाली कबुतरं घरटी करतात, त्यांना चारही बाजूंनी जाळी. वानरांच्या टोळ्या येणाऱ्या भागात केबल लोंबकळती ठेवू नका. ती त्यांच्या हाताला सापडली की कनेक्टर उपसून निघतो. मार्चअखेर, वादळांच्या आधी, प्रत्येक नट-बोल्ट एकदा तपासा. गारपीट झाल्यावर पॅनल तिरप्या उजेडात बघा. प्रमाणित पॅनलची चाचणी २५ मिलीमीटरच्या गारेवर घेतलेली असते, त्याहून मोठी गार पडली तर फोटो काढून घरविम्याच्या कंपनीला लगेच कळवा. विमा घेतानाच पॉलिसीत सोलरचा उल्लेख करून ठेवलेला असावा.